पाणंद व घाटवाट

शेतांच्या बांधांमधून जाणारी आणि माणसांची पावले, जनावरांचे खूर, गाड्यांची चाके व पावसाचे पाणी यांमुळे झिजून लगतच्या जमिनीपेक्षा खोल गेलेली ग्रामीण वाट म्हणजे पाणंद. विदर्भ व मराठवाड्यात तिला पांदण किंवा पांद असेही म्हणतात. कोकणात जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी अरुंद वाट पाणंद आणि दगडी पायऱ्यांची वाट पाखाडी या नावांनी ओळखली जाते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटेस घाट किंवा घाटवाट, ती अरुंद घळीतून जात असल्यास नाळ आणि उभ्या कड्यावरून जात असल्यास निसणी अशा संज्ञा आहेत. बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या खोल रेषेस चाकोरी म्हणतात. या शब्दाला पुढे ठरीव रीत असा लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला.

लेणे, मंदिर किंवा किल्ला यांस कर्ता असतो, पुष्कळदा कोरीव लेखही असतो. पाणंदीस यांपैकी काहीच नसते. तिचा आरंभ केव्हा झाला, हे ती वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. तथापि गावाची वस्ती, शेती, चराई, व्यापार व यात्रा यांची परस्परांशी असलेली जोडणी तिच्यावरून जशी कळते, तशी एकाकी वास्तूवरून कळत नाही. त्यामुळे पुरातत्त्वविद्येत जुन्या वाटांना स्वतंत्र पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे.

निर्मिती : खोलगट वाट कोणी मुद्दाम खणलेली नसते. पश्चिम महाराष्ट्रातील बऱ्याच भागांत काळ्या मातीच्या थराखाली मुरूम व त्याखाली बेसाल्ट खडक असतो. लोखंडी धाव बसविलेले चाक उन्हाळ्यात मुरमाचा भुगा करते आणि पावसाळ्यात वाहणारे पाणी तो भुगा उताराकडे नेते. पुढच्या वर्षी चाक अधिक खाली फिरते. त्याच वेळी दोन्ही बाजूंचे शेतकरी नांगरटीत निघालेले दगडगोटे बांधावर टाकतात. बांधावर बोरी, बाभळी, निवडुंग व घायपात वाढतात आणि त्यांच्या मुळांशी माती साचते. अशा रीतीने वाट खाली जाते व बांध वर येतात. उतारावरील पाणंद पावसाळ्यात ओढ्यासारखी वाहू लागते. ती चालण्यास निरुपयोगी झाली, की जागा असेल तेथे लोक तिच्या शेजारून दुसरी वाट पाडतात. माळरानाच्या चढावर एकमेकींस जवळजवळ समांतर असे अनेक खोलगट पट्टे दिसतात, ते बहुधा याच क्रियेने तयार झालेले असतात. उघड्या बेसाल्टवर मात्र झीज फार मंद असते. तेथे केवळ चाकोऱ्यांचे खोबण, घासून गुळगुळीत झालेले दगड किंवा खोदीव पायऱ्या एवढ्याच खुणा उरतात.

या क्रियेतून एक महत्त्वाचे अनुमान निघते. वाट एकाच रेषेत खोल जाण्यासाठी तिला दोन्ही बाजूंनी अटकाव असावा लागतो. मोकळ्या माळावर जनावरे पसरून चालतात, तेथे खोल वाट सहसा पडत नाही. गावापासून निघालेली पाणंद जेथे उथळ होऊन माळात विरते, तेथे केव्हातरी लागवडीची सीमा होती, असे म्हणता येते. पाणंद ही येण्याजाण्याची जशी खूण आहे, तशीच ती शेतीच्या विस्ताराची आणि जमिनीच्या वाटणीचीही खूण आहे.

शोध व कालनिर्णय : खोलगट वाटांचा अभ्यास इंग्लंडमध्ये प्रथम स्थानिक इतिहासाचा भाग म्हणून सुरू झाला. १९२० नंतर ओ. जी. एस. क्रॉफर्ड याने हवाई छायाचित्रांचा पुरातत्त्वासाठी पद्धतशीर उपयोग केला आणि जमिनीवरून न जाणवणाऱ्या खुणा ओळखता येऊ लागल्या. उत्तर सीरियातील टेल ब्राक व त्याच्या परिसरातील टेकाडांभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेले रुंद व उथळ पट्टे अशा छायाचित्रांत दिसून आले. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाल्यावर त्यांचे विस्तृत नकाशे तयार करण्यात आले. त्यांपैकी बरेच पट्टे इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकातील वाटांचे असून ते वस्तीपासून काही किमी. अंतरावर विरून जातात. त्यांवरून त्या काळातील शेतीच्या मर्यादा अजमाविण्यात आल्या. पाणंद माळात विरण्याविषयी वर जे अनुमान सांगितले, त्याचेच हे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण होय.

वाटेचा काळ ठरविणे मात्र अवघड असते. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पीट दलदलीत १९७० मध्ये सापडलेली ‘स्वीट ट्रॅक’ ही फळ्यांची वाट या बाबतीत अपवाद म्हणावी लागेल. तिच्या लाकडातील वृद्धिवलयांवरून ती इ. स. पू. ३८०७ – ३८०६ च्या सुमारास बांधली गेली, असे निश्चितपणे सांगता येते. झिजून तयार झालेल्या वाटेत असे लाकूड नसते. शिवाय वापर चालू असेपर्यंत ती स्वतःच्याच जुन्या खुणा पुसत असते. म्हणून तिच्या तळाशी मिळणारे पुरावे तिच्या आरंभाचे नसून बहुधा अखेरच्या वापराचे असतात. वाट सोडून दिल्यावर तीत साचलेल्या गाळाचा आडवा छेद घेऊन त्यातील खापरे, नाणी, जनावरांचे नाल व खिळे यांची नोंद करतात. गाळातील वाळूचे कण अखेरचे केव्हा उजेडात होते, हे प्रकाशदीप्ती कालमापनाने ठरविता येते. बांधावरील वनस्पतीही काही सांगतात. पण तेथे सावधगिरी बाळगावी लागते. घायपात व फड्या निवडुंग या मूळच्या अमेरिकेतील वनस्पती असल्याने त्यांचे कुंपण सोळाव्या शतकापूर्वीचे असू शकत नाही. मात्र त्यावरून खालची वाटही अर्वाचीन ठरत नाही. बहुतेक वेळा वाटेचा काळ तिच्या कडेला असलेल्या गोष्टींवरूनच ठरवावा लागतो. लेणी, पाण्याची टाकी, वीरगळ, जकातीची ठाणी व ग्रामदेवतांची स्थाने यांचा त्यांत समावेश होतो.

सह्याद्रीतील प्राचीन घाटवाटा : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तगर (सध्याचे तेर) येथील माल भडोच बंदराकडे गाड्यांतून येत असल्याची नोंद आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या आणि पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात म्हटले आहे. विशेष म्हणजे हा प्रदेश बांधीव रस्ते नसलेला म्हणून वर्णिला आहे. गाड्यांची नियमित ये-जा होती आणि रस्ते मात्र नव्हते, या दोन विधानांत वस्तुतः विरोध नाही. वापराने पडलेल्या गाडीवाटांवरूनच ही वाहतूक चालत असली पाहिजे. दायमाबाद (जि. अहिल्यानगर) येथे १९७४ मध्ये सापडलेल्या धातुमूर्तींत बैलजोडी जुंपलेला रथ आहे. त्या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

कल्याण बंदर व जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट ही सातवाहनकालीन वाटेची सर्वांत ठळक साक्ष होय. घाटाच्या माथ्यावर अरुंद खिंड असून वाटेवर दगडी फरसबंदी, खोदीव पायऱ्या व पाण्याची टाकी आहेत. खिंडीलगतच्या लेण्यात नागनिका या सातवाहन राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख (सु. इ. स. पू. पहिले शतक) आहे. त्यात अनेक यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांच्या दक्षिणांची यादी असून संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्यामुळे या लेखास महत्त्व आहे. लेण्याच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता त्यांची नावे व काही अवशेषच उरले आहेत. विल्यम साइक्स याने १८२८ मध्ये हे लेणे पाहिले. पुढे भगवानलाल इंद्रजी व गेओर्ग ब्यूलर यांनी लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा आहे. घाटाच्या नावाशीही ती जोडली जाते. लेखात मात्र जकातीचा उल्लेख नाही. राजघराण्याने आपला वैभवलेख राजधानीत न कोरता वाहत्या वाटेवर कोरला, हाच त्या वाटेवरील वर्दळीचा अधिक भक्कम पुरावा होय.

बोर घाटाच्या परिसरातही असेच चित्र दिसते. पायथ्याजवळ कोंडाणे आणि माथ्यावर मावळात भाजे, कार्ले व बेडसे ही लेणी आहेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या लेखांत वैजयंतीचा (सध्याचे बनवासी, कर्नाटक) श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याचा एक भिक्षू आणि धेनुकाकट येथील यवन दाते यांची नावे आढळतात. एवढ्या दूरच्या दात्यांची नावे एकाच डोंगरावर एकत्र येणे, हे वाटांचे जाळे गृहीत धरल्याशिवाय समजत नाही. नासिक येथील लेखात नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे धर्मशाळा बांधल्याची आणि दमण, तापी, डहाणू आदी नद्यांवर मोफत नावांची सोय केल्याची नोंद आहे. वाटसरूंची सोय हे राजधर्माचे व पुण्याचे काम मानले जाई, हे त्यावरून दिसते. प्रत्यक्ष वाट बांधल्याचा उल्लेख त्यात नाही. विश्रामस्थळे बांधली जात आणि वाटा पडत जात, असाच हा क्रम दिसतो.

कोसंबींचे संशोधन : दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील वाटा स्वतः पायी हिंडून तपासल्या. मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात त्यांनी आपली निरीक्षणे एकत्र मांडली. डोंगरउतारांवर सापडणारी सूक्ष्मास्त्रे, गावाबाहेर तिवाठ्यावर असलेली शेंदूर लावलेल्या मातृदेवतांची स्थाने आणि लेणी ही पुष्कळदा एकाच रेषेत येतात, असे त्यांना आढळले. पावसाळा व उन्हाळा यांनुसार स्थलांतर करणाऱ्या पशुपालकांच्या वाटा आधीच्या, त्यांवरून व्यापाऱ्यांचे तांडे गेले, भिक्षूंनी त्यांच्याकडेला लेणी खोदविली आणि पंढरपूरच्या वारीसारख्या यात्रांनी त्यांतील काही वाटा पुढे चालू ठेवल्या, असा त्यांचा सर्वसाधारण सिद्धांत आहे. त्यांच्या काही स्थलनिश्चिती पुढे वादग्रस्त ठरल्या. एकाच रेषेवर निरनिराळ्या काळांतील वस्तू मिळाल्या, म्हणजे ती वाट मधल्या काळातही अखंड वापरात होती असे सिद्ध होत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि ग्रामदेवतेचे स्थान हा वाटेचा पुरावा ठरू शकतो, ही दृष्टी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वास त्यांनी दिली. बोर घाटातील शिंगरोबाचे ठाणे या संदर्भात लक्षणीय आहे. घाटातील वाट इंग्रजांना एका धनगराने दाखविली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. तिची ऐतिहासिकता काहीही असो. सडकेच्या आधी मेंढ्यांची वाट होती, ही लोकस्मृती तिच्यात टिकून आहे.

मध्ययुग व मराठा काल : घाटवाटांवरील मालवाहतूक मुख्यतः लमाण व वंजारी यांच्या बैलांच्या तांड्यांनी होत असे. कोकणातून मीठ वर येई व देशावरून धान्य खाली जाई. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने दहाबारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आल्यास प्रवाशांस दोनतीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो सांगतो. एवढ्या खुरांखाली मुरमाड वाट किती झपाट्याने झिजत असेल, याची यावरून कल्पना येते. वाटा ज्याच्या ताब्यात त्याला जकात मिळे. लोहगड व राजमाची हे किल्ले बोर घाटाच्या, तर शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन हे नाणेघाट–जुन्नर मार्गाच्या रक्षणाशी निगडित आहेत. बारदेशचे मीठ स्वस्त पडल्याने संगमेश्वरकडील मिठाचा व्यापार बुडू नये, म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदारास त्यावर जबर जकात बसविण्याचा आदेश दिला. अशा आज्ञेचा अंमल मोजक्या वाटांवर नाकी बसवूनच करणे शक्य होते. ईस्ट इंडिया कंपनीची फौज सुमारे १९,००० बैलांसह बोर घाट चढून मावळात आली. तळेगावपर्यंत पोहोचलेल्या या फौजेस माघार घ्यावी लागली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावचा तह झाला. तिच्या मंद गतीस वाहतुकीचा हा बोजा बऱ्याच अंशी कारणीभूत होता.

पुढे वेलस्लीने १८०४ मध्ये बोर घाटाचा मार्ग लष्करी वाहतुकीसाठी सुधारून घेतला. गाड्यांसाठी बांधलेला घाटरस्ता सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. नाणेघाटासारख्या वाटांवरील वाहतूक त्यामुळे हळूहळू आटली. वापर थांबल्यानेच त्यांवरील पायऱ्या व फरसबंदी पुष्कळ अंशी शाबूत राहिली. याउलट बोर घाटातील प्राचीन वाटेच्या खुणा नव्या रस्त्याच्या कामांत बऱ्याचशा नाहीशा झाल्या. ज्या वाटेचे महत्त्व टिकले तिचा पुरावा गेला आणि जिचे महत्त्व गेले तिचा पुरावा टिकला, असा हा विरोधाभास आहे.

पिंपरी–चिंचवड व चाकण परिसर : पुणे जिल्ह्यातील हा पट्टा जुन्या वाटांच्या संगमावर वसलेला आहे. बोर घाटातून वडगाव, तळेगाव, चिंचवड, पिंपरी, दापोडी या क्रमाने पुण्याकडे जाणारी वाट आणि पुण्याहून चाकण, राजगुरुनगरमार्गे जुन्नर व नासिककडे जाणारी वाट यांच्या दरम्यान पवना व इंद्रायणी यांच्या काठची गावे पाणंदींनी एकमेकांस जोडलेली होती. मैदानात असूनही चाकणचा संग्रामदुर्ग महत्त्वाचा ठरला, तो या वाटांमुळेच. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा याने तो सुमारे दोन महिने लढविला. चाकणजवळचा भामचंद्र, देहूजवळचा भंडारा आणि शेलारवाडीचा घोराडेश्वर हे तीन डोंगर तुकाराम महाराजांच्या चिंतनाची स्थाने म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी घोराडेश्वर येथे प्राचीन बौद्ध लेणी असून भामचंद्रावरही लेणी आहेत. कोसंबींनी दाखविलेली वाट, लेणे व भक्तिस्थान यांची सांगड येथे एका दिवसाच्या पायपिटीत पाहावयास मिळते.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) भोसरी, चिंचवड व पुढे चाकण येथे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. पिंपरी–चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. शेतजमिनीचे आयताकार भूखंड पाडताना पाणंदी सपाट झाल्या व ओढे गटारांत गेले. पिंपरीतील संत तुकाराम नगर ही वसाहत या बदलाचा नमुना म्हणून घेता येईल. तेथे जमिनीवर पाणंदीची खूण शोधणे आता जवळजवळ अशक्य आहे. मात्र लगतच्या जुन्या पुणे–मुंबई रस्त्यावरून देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामानंतर दरवर्षी पुण्याकडे जाते. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये या पालखी सोहळ्यास आरंभ केला. त्याच रस्त्यावर २०२२ मध्ये मेट्रोचे संत तुकाराम नगर स्थानक सुरू झाले. वाटेचे शरीर नष्ट झाले, तरी तिची दिशा व तिच्यावरील चाल टिकून राहू शकते, हे येथे स्पष्ट दिसते. पालखीसारखी चाल ज्यांच्या वाट्यास आली नाही, त्या गावोगावच्या पाणंदींची दिशाही उरलेली नाही.

नोंदी व संरक्षण : गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ – ३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या जमीन पाहणीतून पुढे गावोगावचे नकाशे तयार झाले. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, तर पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवितात. पुणे जिल्ह्याच्या १८८५ मधील गॅझेटियरमध्ये घाटवाटांची व त्यांवरील वाहतुकीची माहिती आहे. नष्ट झालेल्या वाटांच्या पुनर्रचनेसाठी ही दोन साधने सर्वांत उपयुक्त आहेत. त्यांच्या जोडीला जुनी हवाई छायाचित्रे, शिवारांची नावे आणि वृद्ध ग्रामस्थांची माहिती घ्यावी लागते.

कायद्याच्या दृष्टीने पाणंद हा वहिवाटीचा विषय आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम (१९०६) अन्वये वाटेतील अडथळा दूर करता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४३ नुसार बांधावरून रस्त्याचा हक्क तहसीलदार ठरवितो. गावच्या रूढ हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्जात होते. पुरातन वास्तूंच्या संरक्षणाचे केंद्राचे (१९५८) व राज्याचे (१९६०) अधिनियम मुख्यतः ठरावीक स्थळांना व वास्तूंना लागू केले जातात. त्यामुळे लेणे संरक्षित, पण लेण्याकडे नेणारी वाट असंरक्षित, अशी स्थिती सर्रास आढळते. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शेतमाल काढावा लागणाऱ्या शेतकऱ्यास पक्का रस्ता हवा असतो आणि ती मागणी न्याय्य आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू केली. परंतु पाणंद भरून काढून मजबूत करताना तिचा छेद, तळातील गाळ, बांधाचे थर व कडेचे वीरगळ कायमचे झाकले जातात किंवा हलविले जातात. काम सुरू होण्यापूर्वी एक आडवा छेद घेणे, मोजमापे व छायाचित्रे ठेवणे आणि कडेचे दगड जागेवरच राखणे एवढे केले, तरी शेतकऱ्याचा रस्ता न अडविता इतिहासाचे साधन हाती राहील. बांधलेली वास्तू कोसळली तरी तिचे दगड उरतात. भरून टाकलेल्या पाणंदीचे नकाशातील तुटक रेषेपलीकडे काहीही उरत नाही.